बहुतेकशास्त्री आणि चार कुंडे

पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होते ते आता नाहीत, आणि जे सांगतील ते ठोकून देतील.

एका डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठी एक नगर होते. त्या नगराखाली खोल कुठेतरी पृथ्वीची चूल पेटलेली असावी, कारण तिथे जमिनीतून बाराही महिने वाफाळते पाणी येत असे. त्या पाण्यात नाना तऱ्हेचे क्षार होते. गुडघे धरलेली, कंबरेत वाकलेली, अंगाला खाज सुटलेली माणसे दूरदूरच्या मुलखांतून तिथे येत, पाण्यात बसत, कण्हत, आणि त्यांतली बरीचशी हसत परत जात.

कुंडे चार होती.

सगळ्यांत मोठे राजकुंड. त्याला काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या होत्या आणि काठावर नगरशेठांची धर्मशाळा होती. नावाला धर्मशाळा, तिथली उशीसुद्धा फुकट मिळत नसे.

दुसरे तांबडे कुंड. त्याच्या पाण्याने धोतराला गंजासारखा डाग पडे आणि तो धोतर फाटले तरी जात नसे. तिथे एक म्हातारा पहिलवान पाहुण्यांची अंगे रगडून देई. त्याला सगळे वस्ताद म्हणत.

तिसरे गंधककुंड. त्याचा वास असा, की तिथून न्हाऊन घरी गेलेल्या धन्यावर त्याचेच कुत्रे भुंके. त्याच्या काठी अक्का नावाच्या एका खमक्या बाईची खानावळ होती. नाक दाबून न्हालेली माणसे तिथे पोटभर जेवत.

चौथे कुंड डोंगराच्या वळणामागे, चढावर होते. गुडघाभर पाण्याचे, ओबडधोबड. त्याला सासुरवाशिणींचे कुंड म्हणत, कारण तो चढ सासवांना चढवत नसे. नगरातल्या सुना धुण्याचे निमित्त करून तिथे येत, पाय पाण्यात सोडून बसत आणि मनातले बोलून मोकळ्या होत. ते कुंड कोणाच्याच मालकीचे नव्हते, म्हणून त्याची कोणी फुशारकीही मारत नसे.

चारही कुंडांचे पाणी डोंगरातल्या एकाच गुहेतून येई. गुहेत चार तोंडे होती. एकेका तोंडातून एकेका कुंडाला पाणी जाई. आता ज्या पाण्यात क्षार असतात ते पाणी जिथून वाहते तिथे आपली खूण ठेवते. तोंडांच्या कडांवर क्षाराचा पांढरा थर धरत असे. पहिल्यांदा तो दुधावरच्या सायीसारखा मऊ असतो. वर्ष गेले की अंड्याच्या कवचासारखा होतो. आणि तसाच राहू दिला, तर त्याच्यात आणि दगडात काही फरक उरत नाही.

म्हणून त्या नगरात एक चाल होती. पळस फुलला की खरवडीचे दिवस येत. चारही कुंडे एकदम बंद ठेवायची, आणि लहानथोर सगळ्यांनी गुहेत शिरून थर खरवडून काढायचा. करवंटी आणि काथ्या, एवढीच हत्यारे. थर हट्टी असेल तर त्यावर आंबट ताकाचे बोळे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खरवडायचे. गुहेत लोखंड न्यायचे नाही, हा वाडवडिलांचा कडक नियम होता. काम झाले की गूळखोबरे वाटत. पाणी गढूळलेले असे, ते निवळेपर्यंत पाहुण्यांनी वाट पाहायची. पाहत असत बिचारे.

या पाण्यावर लक्ष ठेवायला राजाने एक शास्त्री नेमले होते. फार शिकलेले. दूरच्या विद्यापीठात त्यांची अर्धी हयात गेली होती. त्यांनी इतके वाचले होते की कोणत्याही गोष्टीची दुसरी बाजू त्यांना पहिलीच्या आधी दिसे. पाऊस येईल का, असे कोणी विचारले तर ते आभाळाकडे पाहत, दाढी खाजवत आणि म्हणत, "बहुतेक." माणूस चार पावले गेला की मागून हाक मारत, "पण नाहीही!"

लोकांनी त्यांचे नाव बहुतेकशास्त्री ठेवले. तोंडावर शास्त्रीबुवा, पाठीमागे बहुतेकशास्त्री.

त्यांच्या पत्नीचे नाव द्वारकाबाई. त्यांचे पाय खणखणीत होते, पण हातांच्या बोटांना वाताने गाठी आल्या होत्या. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नसे. त्या तशाच चढ चढून सासुरवाशिणींच्या कुंडावर जात, सुनांच्या गप्पा ऐकत हात पाण्यात बुडवून बसत, आणि हळूहळू बोटे सुटत. मग तिथेच, पाण्याच्या काठावर, त्या स्वतःच्या हातांनी स्वतःचा अंबाडा बांधत. हा त्यांचा रोजचा विजय होता. अंबाडा बांधला गेला की त्यांचा दिवस सुरू होई.

"जेवलात का?" असे त्या नवऱ्याला विचारत, आणि ते पोथीतून मान वर काढायच्या आत स्वतःच उत्तर देत, "बहुतेक."

शास्त्रीबुवांना हे लागे. पण करणार काय? जे नक्की ठाऊक नाही ते नक्की म्हणून सांगायचे, हे त्यांना जमत नसे.

तर, एका वर्षी पळस फुलला तेव्हा राजाची मावशी आपला सगळा लवाजमा घेऊन राजकुंडावर उतरली होती. नगरशेठ दिवसातून तीनदा कपडे बदलत होते. शास्त्रीबुवा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "शेठ, खरवडीचे दिवस आले."

नगरशेठांनी कपाळाला हात लावला. "शास्त्रीबुवा, काय बोलताय! मावशीसाहेबांना जाऊन सांगू की काय, की उठा बाई पाण्यातून, आम्हाला मोरी घासायची आहे?"

"पण चाल आहे, शेठ."

"चाल आहे, कोण नाही म्हणतंय? पण एक वर्ष खरवडलं नाही, तर झरा बंद पडेल का? तुम्ही जाणते. तुम्ही सांगा."

शास्त्रीबुवा विचारात पडले. एका वर्षाने? तसे कोठे लिहिलेले नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "एका वर्षाने बहुतेक नाही पडणार. पण..."

"झालं तर!" नगरशेठ म्हणाले, आणि चौथ्यांदा कपडे बदलायला गेले.

त्या 'पण'च्या पुढे काय होते ते कोणीच ऐकले नाही. आणि खरे सांगायचे तर त्या वर्षी काही झालेही नाही.

मावशीसाहेबांचे गुडघे सुधारले. त्यांनी आपल्या मुलखात जाऊन ते शंभर जणींना सांगितले, आणि पुढच्या वर्षी नगरात माणूस मावेना. पळस फुलला. शास्त्रीबुवा उपरणे सावरत पुन्हा निघाले.

ते गंधककुंडावर गेले. अक्का भाजी चिरत होत्या. "बंद करते की!" अक्का म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते? पण आधी राजकुंड बंद करू दे. नाहीतर माझी गिऱ्हाइकं तिकडे जाऊन बसतील, आणि एकदा तिकडची खीर खाल्ली की माझी पिठलंभाकरी कशाला आठवते त्यांना?"

ते राजकुंडावर गेले. नगरशेठ म्हणाले, "माझी तयारी आहे. पण पहिलं तांबडं कुंड बंद होऊ दे."

ते तांबड्या कुंडावर गेले. वस्ताद एका लठ्ठ पाहुण्याच्या पाठीवर गुडघा टेकवून बसले होते. "शास्त्रीबुवा, आखाड्यात पहिला लंगोट कोण सोडतं? जो हरला तो. मी नाही सोडत. अक्का बंद करू दे, मग बघू."

शास्त्रीबुवा पुन्हा अक्कांकडे आले तेव्हा भाजी शिजून पानांत वाढली गेली होती.

सगळे बंद करायला तयार होते. कोणीही नाही म्हणत नव्हते. आणि कोणीही बंद करत नव्हते. अहो, नाही म्हणणाऱ्याशी वाद तरी घालता येतो. हो म्हणून बसून राहणाऱ्यांचे काय करायचे? शास्त्रीबुवा घरी येऊन पाटावर मटकन बसले आणि म्हणाले, "वीट आला मला या माणसांचा."

"त्यांना तुमचा कधीच आलाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "ते तुमच्यापुढे आहेत."

असे करत करत पळस आणखी काही वेळा फुलला आणि गळला.

आता राजकुंडात पडणारी धार बारीक होऊ लागली. पूर्वी ती मांडीएवढी होती, मग दंडाएवढी झाली, मग मनगटाएवढी. पाहुणे कुजबुजू लागले. नगरशेठ हुशार माणूस. त्यांनी काय केले, तर पितळेचे एक सुंदर गोमुख घडवून आणले आणि पाण्याच्या वाटेवर बसवले. त्याचे तोंड मुद्दाम अरुंद ठेवले. अरुंद तोंडातून थोडेसे पाणीही जोरात उडते. पाहुणे म्हणाले, "वा, काय धार आहे!" मग वस्तादांनीही गोमुख बसवले. अक्कांना गोमुख परवडेना, त्यांनी तांब्याचा मोर बसवला. पाणी कमी झाले होते, हे त्या नगरात पाणी येण्याच्या जागेखेरीज सगळीकडे लपवून झाले.

शास्त्रीबुवांना ते दिसत होते. त्यांची झोप उडाली. ते पोथ्या काढून बसले. धार बारीक का होते, याची कारणे शोधू लागले. थर साचला असेल, हे एक कारण. पण दोन वर्षे पाऊसही कमी झाला होता. तेही कारण असेल. शेजारच्या डोंगरावरचे जंगल तुटले होते, तेही असेल. एका ग्रंथात लिहिले होते की असे झरे आपोआप आटतात आणि आपोआप वाहू लागतात. दुसऱ्या ग्रंथात त्या पहिल्या ग्रंथकाराला मूर्ख म्हटले होते. शास्त्रीबुवांनी दोघांचेही म्हणणे समजून घेतले.

"अहो," द्वारकाबाई दारातून म्हणाल्या, "गुहेत जाऊन हात घालून बघितलंत का?"

"अगं, हात घालून एका ठिकाणचं कळेल. कारण वेगळंच असलं तर?"

"तर वेगळं आहे, एवढं तरी कळेल."

शास्त्रीबुवांनी पुढचे पान उलटले. गुहेचे दार बुटके होते, आत चिखल होता, आणि रांगत जावे लागे. पण हे काही त्यांचे खरे कारण नव्हते. खरे कारण असे, की हात घातला आणि थर लागला, तर मग काहीतरी ठामपणे बोलावे लागले असते.

अखेर सासुरवाशिणींच्या कुंडाचे पाणी घोट्याखाली गेले. तिथे गोमुख बसवायला कोणी गेले नव्हते, म्हणून तिथले खरे दिसत होते. द्वारकाबाई आता तिथे वाडगा घेऊन जात आणि थेंब थेंब साठलेल्या पाण्यात आलटून पालटून हात बुडवत. त्यांची बोटे सुटायला दुपार होऊ लागली. सुना गप्पा मारायच्या सोडून त्यांच्या वाडग्यात पाणी गोळा करू लागल्या.

हे पाहिल्यावर शास्त्रीबुवा म्हणाले, "बस. आता सभा बोलावतो. ठासून सांगतो."

"सांगा बघू मला आधी," द्वारकाबाई म्हणाल्या.

शास्त्रीबुवांनी छाती पुढे काढली. "नागरिकहो, कुंडे ताबडतोब बंद करा, नाहीतर झरा बहु..."

"अहो!"

"झरा बुजेल!"

"हं. हेच बोलून या. मधे दाढी खाजवू नका."

चिंचेच्या पारावर सभा भरली. नगरशेठ लोडाला टेकून, वस्ताद मांडी ठोकून, अक्का पदर खोचून बसल्या होत्या. बाकीचे नगर भोवती उभे होते. शास्त्रीबुवा उठले. त्यांनी ठरवल्याप्रमाणे म्हटले, "कुंडे ताबडतोब बंद करा, नाहीतर झरा बुजेल!"

असला आवाज लोकांनी शास्त्रीबुवांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अक्कांचा चेहरा उतरला. वस्ताद म्हणाले, "बुवा म्हणतायत म्हणजे काहीतरी असणार. उद्यापासून करू या का सगळे मिळून?"

अहो, एवढ्यावर सगळे निभावले असते. पण नगरशेठांनी लोडावरची कोपरे काढली आणि अगदी गोड आवाजात विचारले, "शास्त्रीबुवा, तुम्ही आमच्या गळ्याची शपथ घेऊन सांगा. थरानंच धार कमी झाली, याची तुम्हाला खात्री आहे?"

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांपुढे सगळे ग्रंथ उभे राहिले. पाऊस उभा राहिला. तुटलेले जंगल उभे राहिले. त्यांचा हात दाढीकडे गेला.

"खात्री..." ते म्हणाले. "खात्री अशी नाही. पण बहुतेक."

सभेतून सुटकेचा केवढा मोठा सुस्कारा निघाला!

"बघा!" नगरशेठ म्हणाले. "खात्री त्यांनाच नाही. उगाच भरल्या हंगामात पाहुण्यांच्या तोंडावर दारं लावायची? शास्त्रीबुवांची खात्री झाली की ते सांगतील, आपण त्याच दिवशी बंद करू. काय, बरोबर ना?"

"बरोबर," वस्ताद म्हणाले. "बुवा, सावकाश करा खात्री. घाई नाही आपल्याला."

लोक हसत हसत घरी गेले. शास्त्रीबुवा पारावर एकटेच उभे राहिले. ते खोटे बोलले नव्हते. मग घरी जाऊन द्वारकाबाईंना काय सांगायचे, हे त्यांना कळेना.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा द्वारकाबाई ओट्यावर बसल्या होत्या. केस मोकळे, खांद्यावर. त्या वयाच्या बाईचे केस मोकळे पाहून शास्त्रीबुवा दचकले.

"काय झालं?"

"काही नाही. आज वाडगाही भरला नाही. बोटं सुटली नाहीत." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटे वाळलेल्या शेंगांसारखी आत वळली होती. "अंबाडा बांधता का जरा? बाहेर कोणी आलं तर बरं दिसत नाही."

शास्त्रीबुवा मागे बसले. त्यांनी केस हातात घेतले. किती ग्रंथ वाचले होते, पण हे कोठे लिहिलेले नव्हते. एकदा पीळ उलटा पडला, एकदा गाठच बसेना. अखेर जे तयार झाले ते पक्ष्याने अर्धवट सोडून दिलेल्या घरट्यासारखे होते.

"झाला का?" द्वारकाबाईंनी विचारले.

"बहु..." शास्त्रीबुवा बोलता बोलता थांबले.

द्वारकाबाईंनी मागे वळून पाहिले नाही. "सभेत काय झालं ते सुना सांगून गेल्या. तुम्हाला खात्री नाही, यात मला राग नाही. मलाही खात्री नाही. थर असेल, नसेल, मला काय ठाऊक? पण अहो, खात्री असती तर बघायला कशाला जावं लागलं असतं? खात्री नाही, म्हणूनच तर जायचं." मग त्या उठल्या. "मी उद्या सकाळी करवंटी घेऊन जाणार आहे. तुम्ही या, नका येऊ."

सकाळी त्यांनी करवंटी कापडाने मनगटाला बांधून घेतली, कारण बोटांनी ती धरवत नव्हती. शास्त्रीबुवा ताकाचे मडके घेऊन मागे निघाले. वाटेत त्यांनी ग्रंथांमधली दोनतीन वचने आठवून पाहिली, मग तो नाद सोडून दिला.

गुहेच्या दाराशी ते खाली बसले आणि रांगत आत गेले. धोतर चिखलात भरले. आत वाफ होती. शास्त्रीबुवांनी राजकुंडाच्या तोंडात हात घातला. पूर्वी खरवडीच्या दिवसांत या तोंडात मुले डोके घालून हाका मारत असत. आता मूठही शिरेना. आत पांढरा, खरखरीत, दातांसारखा थर सगळीकडून जवळ आला होता.

"आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज गुहेत घुमला. "थर आहे!"

"बरं झालं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता खरवडा."

पण तिथे करवंटी फुटली. तो थर दोघांच्या हातचा उरला नव्हता. त्याला सगळ्या नगराचे हात आणि पुष्कळ ताक हवे होते. चौथे तोंड मात्र गुहेच्या मागच्या बाजूला, वेगळ्या कपारीत होते. त्यातून पाणी मुळातच कमी येई, म्हणून थरही पातळ होता, पण तोंडच लहान असल्याने तेवढ्यानेही ते बुजत आले होते. त्यावर ताकाचे बोळे ठेवून ते दोघे रोज जाऊ लागले. द्वारकाबाई मनगटाने खरवडत, शास्त्रीबुवा बोटांनी उकरत. कळले तशा सुनाही आल्या. आणि एका सकाळी कवच फुटावे तसा एक आवाज झाला, पांढरा तुकडा निसटला आणि ऊन पाणी भसकन कपारीतून वाहू लागले.

शास्त्रीबुवा तसेच, चिखलाने माखलेले, पाराकडे धावत गेले. "मी हात घालून पाहिलं!" ते ओरडले. "थरच आहे! चौथं तोंड मोकळं झालं, पाणी आलं! सगळे चला. ताक आणा, करवंट्या आणा. महिना लागेल, पण होईल. आजच चला!"

त्या वाक्यांत एकही 'बहुतेक' नव्हते. आणि आता पाहा माणसांची तऱ्हा.

"थांबा थांबा," अक्का म्हणाल्या. "सासुरवाशिणींच्या कुंडाला पाणी आलं? आणि आमच्याकडे कमी झालं? म्हणजे आमचं पाणी तुम्ही तिकडे वळवलं!"

"तेच म्हणतो मी!" वस्ताद उसळले. "बायकोच्या हातासाठी बुवांनी झरा फोडला!"

"जन्मभर बहुतेक बहुतेक करणारा माणूस आज एवढं ठामपणे बोलतो," नगरशेठ डोळे बारीक करून म्हणाले, "म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे."

शास्त्रीबुवांनी हात जोडले. "अहो, गुहा इथेच आहे. चला, स्वतः हात घालून पाहा."

"आम्ही कशाला हात घालू? त्यासाठी राजानं तुम्हाला नेमलंय!" नगरशेठ म्हणाले, आणि याचा विचार करायला त्यांनी आणखी एक सभा बोलावली. त्या सभेत असे ठरले, की पुढच्या सभेत ठरवावे.

ती पुढची सभा व्हायच्या आधीच एके दिवशी राजकुंडाचे गोमुख कोरडे पडले. मग तांबड्या कुंडाचे. मग अक्कांचा मोर थेंब गाळत गाळत थांबला. पाहुणे ओल्या कपड्यांनी नुसत्या पायऱ्यांवर बसून राहिले.

तेव्हा मात्र सगळे धावले. आता महिनाभर ताक लावत बसायला कोणाला सवड नव्हती. वस्तादांनी पहार उचलली.

"लोखंड नको!" शास्त्रीबुवा आडवे आले. "वस्ताद, हा दगड ठिसूळ आहे. तडा गेला तर पाणी खाली जाईल. लोखंड नको म्हणून वाडवडील सांगून गेलेत!"

"खात्री आहे?" नगरशेठांनी विचारले.

शास्त्रीबुवांनी त्यांच्याकडे पाहिले. "मला खात्री नाही," ते म्हणाले. "म्हणून तर पाया पडून सांगतो, की पहार खाली ठेवा."

"खात्री नाही ना? मग व्हा बाजूला!"

वस्तादांच्या अंगात अजून ताकद होती. पहिल्या घावाला थर हलला. दुसऱ्या घावाला डोंगरच हलल्यासारखा आवाज झाला. तिसरा घाव घालायची वेळ आलीच नाही. गुहेच्या तळाला लांबलचक तडा गेला, आणि त्या तीन तोंडांमागे कोंडून राहिलेले सगळे पाणी गुडगुड करत खाली उतरून गेले. दुपारी लोकांनी पाहिले तर नदीच्या ऐन डोहात, जिथे भोवऱ्यामुळे गुरेही उतरत नाहीत, तिथून वाफा निघत होत्या. ऊन पाणी थंड पाण्यात मिसळून वाहून जात होते. ते आजही तसेच वाहत असेल.

पाहुणे गेले. पितळेची गोमुखे कोरड्या कुंडांवर तोंड उघडून राहिली. त्यांत चिमण्यांनी घरटी केली.

फक्त सासुरवाशिणींचे कुंड उरले. वेगळ्या कपारीतले ते लहानसे तोंड मोकळे होते, म्हणून तडा जाऊनही त्याचे पाणी टिकले. आता सगळे नगर त्या चढावरून वर येऊ लागले. नगरशेठांचे गुडघे इतकी वर्षे राजकुंडाच्या जिवावर चालले होते. तेही धापा टाकत, काठी टेकत वर आले. पाहतात तर पाण्यात सुना पाय सोडून बसलेल्या, आणि त्यांच्यामध्ये द्वारकाबाई. त्यांचे एक बोट कायमचे वाकडे राहिले होते. उरलेल्या नऊ बोटांनी त्या सावकाश आपला अंबाडा बांधत होत्या.

"शेठ, रांगेत," त्या म्हणाल्या. "सुना आधी."

नगरशेठ रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढे अक्का होत्या, त्यांच्या पुढे वस्ताद मान खाली घालून उभे होते. कपारीजवळ शास्त्रीबुवा ताकाचे मडके घेऊन बसले होते. त्या वर्षीचा पळस नुकताच फुलला होता.

नगरशेठांनी काकुळतीने विचारले, "शास्त्रीबुवा, हे एवढं तरी टिकेल ना?"

शास्त्रीबुवांचा हात दाढीकडे गेला, पण तो चिखलाने भरलेला होता, म्हणून त्यांनी तो खाली घेतला.

"मला माहीत नाही, शेठ," ते म्हणाले, आणि त्यांनी एक करवंटी नगरशेठांच्या हातात दिली. "म्हणून तर बोलावतोय. या, आत वाका."

नगरशेठ पहिल्यांदाच वाकले.

गोष्टीचे सार एवढेच, की खात्री नसणे हे हात आखडून बसण्याचे कारण नव्हे, हात घालून पाहण्याचे कारण आहे.